खणीकाठची चावी

१

शालूबाई खणीच्या काठाखाली पालथ्या पडलेल्या सापडल्या तेव्हा नुकतं उजाडलं होतं. डोक्याची जखम सुकत आली होती, एक पाय पाण्यात होता आणि श्वास चालू होता. हातभर आणखी घसरल्या असत्या तर खणीनं त्यांना पोटात घेतलं असतं, आणि आम्हाला पंचनाम्याशिवाय काही काम उरलं नसतं.

मी स्वप्नाली, पोलीस शिपाई. मूळची परभणीची. कोल्हापुरात बदली होऊन मला महिनाही झाला नव्हता. पोलिसात असून मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. त्यात ही खण. कुठल्या काळी इथून दगड काढला, दगड संपला, खड्डा पाण्यानं भरला आणि काठावर माणसं येऊन राहिली. पाणी हिरवंगार, तळ कुणी पाहिलेला नाही. तिकडं बघितलं की मी दोन पावलं मागं सरायचे.

ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्याशेजारी बसले. शालूबाई म्हणजे वस्तीचा आवाज. वस्तीसुधारणेचा आराखडा चालू होता. गटार कुठून न्यायचं, पाण्याची लाईन कुठं वळवायची, रस्ता किती रुंद करायचा, हे बायकांना घेऊन गल्लीगल्ली फिरून त्यांनीच ठरवत आणलं होतं. त्याच दिवशी दुपारी महापालिकेच्या साहेबलोकांसमोर आराखडा पक्का व्हायचा होता. तो पक्का झाला की दुसऱ्या दिवशी जेसीबी गल्लीत शिरणार.

वाटेत त्यांनी एकदम डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"चावी," त्या म्हणाल्या. "चावी... मोना..."

मग डोळे फिरवले. डॉक्टरांनी आत नेलं आणि सांगितलं की शुद्धीवर कधी येतील ते सांगता येत नाही, येतील का तेही सांगता येत नाही.

मोना त्यांची मुलगी. बारावीला. घरात दोघीच. आई रात्री आराखड्याच्या कामासाठी बायकांकडंच थांबली असेल असं समजून ती झोपली होती. बाईच्या डोक्यात कुणीतरी घाव घातला होता, आणि शेवटचं भान असताना ती चावीचं आणि पोरीचं नाव घेत होती. म्हणजे कसली तरी चावी मोनाकडं आहे, आणि मारणारा आता ती घ्यायला घरी जाणार.

मी तिथूनच मोनाला फोन केला. म्हटलं, आतून कडी लावून बस, मी किंवा मॅडम आल्याशिवाय कुणालाही दार उघडू नकोस. ती रडत रडत बरं म्हणाली.

२

मॅडम म्हणजे फौजदार ऐश्वर्या मगदूम. हातकणंगल्याच्या जैन शेतकऱ्याघरची पोर. आवाज न चढवता समोरच्याचा घसा कोरडा पाडणारी बाई. त्यांना मी फोनवर सांगितलं, "कुठल्यातरी कुलपाचं प्रकरण आहे मॅडम. किल्लीबद्दल काहीतरी बोलत होत्या." त्या एवढंच म्हणाल्या की वस्तीत ये.

दवाखान्यातून निघताना दारात राजवर्धन भेटला. आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपनीचा इंजिनीअर. पुण्याचा, दोन आठवड्यांपूर्वी आलेला, शाहूपुरीत लॉजवर राहायचा. हातात शहाळी, डोळे लाल. शालूबाईंशिवाय हे काम उभंच राहिलं नसतं, असं म्हणत होता. मला त्याचं कौतुक वाटलं. मी त्याला विचारलं, त्या सारखं चावी चावी म्हणत होत्या, कुठल्या कुलपाची असेल काही कल्पना? तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, आठवून सांगतो.

वस्तीत पोचले तर सगळी दारं बंद. एरवी ओट्यावर भांडी घासणाऱ्या, केस विंचरणाऱ्या बायका असतात. त्या दिवशी फटींतून नुसते डोळे दिसत होते. खणीकाठच्या वस्तीत दोन गल्ल्या, वरची आणि खालची. वरची खडकावर. खालची उतरत उतरत थेट पाण्याच्या कडेला जाते आणि टोकाला सार्वजनिक नळ आहे. शालूबाईंचं घर नळाच्या अलीकडं, आणि त्या सापडल्या नळाच्या पलीकडं, काठाखाली.

मी मोनाच्या दाराशी जाऊन हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "ताई, मला लई भ्या वाटतंय. मगाशी भिंतीतनं आवाज आला." मी म्हटलं उंदीर असेल.

३

पहिला संशय तानाबाईवर होता, आणि तो तिनं स्वतःच ओढवून घेतला होता. तिचं घर शालूबाईंच्या समोर. रस्ता रुंद झाला तर तिचा पुढचा सोपा, म्हणजे दारापुढची पडवी, जाणार होता. चार लोकांदेखत तिनं शालूबाईंना धमकी दिली होती.

"व्हय, म्हणालतो मी," ती मॅडमना म्हणाली. "तुला खणीत घालतो म्हणालतो. रागात माणूस काय बी म्हणतंय. म्हणून काय घालतंय व्हय?"

इथल्या बायका बाप्यासारखं बोलतात, मी येतो, मी जातो. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. तानाबाई बोलताना सारखी आपल्याच दाराकडं बघत होती. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली की शालूनं करणी केली आहे. घरात वाईट आहे. "चार दिस झालं, दाराची कडी बसंना. चौकट जाग्यावर हाय, दार तेच हाय, पर मिळंनाच. माझ्या सासऱ्यानं इटांची खापरं, राख, काय मिळंल ते टाकून ही जागा केली बाई, तीस वरसं दार कधी आडलं न्हाय."

तिनं उंबऱ्यावर लिंबू-मिरची बांधली होती. करणीवर माझा विश्वास नाही, पण माझ्या अंगावर काटा आला तो आलाच.

दुसरा बाळासो, वस्तीला पाणी सोडणारा. सोडलेलं पाणी खाली पोचलं नाही की त्याच्याच भावाचा टँकर यायचा आणि बायका निमूट विकत घ्यायच्या. नवी लाईन झाली की तो धंदा बुडाला. शालूबाईंनी त्याला तोंडावर चोर म्हटलं होतं.

"पावणं, तुम्ही नव्या दिसताय," तो मला म्हणाला. "मी टायमात पाणी सोडतो. आता ते चावीला करंगळीएवढं बी येत न्हाय, त्याला मी काय करू? कुठंतरी मुरतंय."

त्याच्या हातात पाणी सोडायची लांब लोखंडी दांडी होती. तिलाच तो चावी म्हणत असेल असं मी धरून चालले, आणि त्या दांडीनं एखाद्याचं डोकं फोडता येईल हेही माझ्या मनात येऊन गेलं. पाणी कुठं मुरतंय म्हणतो, तर याच्यातच मुरतंय, असं मी मॅडमच्या कानात सांगितलं. मॅडम नळाकडं बघत होत्या.

एक बाई तिथं कळशी भरत होती. कळशी ठेवली की कलायची. तिनं सवयीनं एक चपटी खापरी कळशीखाली सरकवली, आणि ती सरळ उभी राहिली.

४

राजवर्धन दिवस कलायला लागल्यावर समाजमंदिरात स्वतःहून आला. तिथल्या बंद खोलीत मातीच्या पिशव्या ठेवल्या होत्या. गटार आणि रस्त्याचा आराखडा करताना ठिकठिकाणी खड्डे काढून खालची जमीन कशी आहे ते तपासावं लागतं, त्याचे नमुने. दोन्ही गल्ल्यांत उत्तम कठीण मुरूम लागला आहे, असं त्यानं आम्हाला अभिमानानं सांगितलं. दुपारची बैठक साहेबांनी उद्यावर ढकलली होती, ते त्याला पसंत नव्हतं. शालूबाईंच्या इच्छेसाठी तरी काम थांबायला नको, म्हणाला.

मग तो माझ्याकडं वळला.

"तुम्ही चावीचं विचारलंत ना, ते आठवलं. काल संध्याकाळी शालूबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, साहेब, चावी द्या, मी खोली उघडते, मातीच्या पिशव्या बघायच्यात. मी दिली. नंतर त्या खणीच्या बाजूला जाताना दिसल्या. अंधार पडत होता. पाय घसरला असणार, आणि माझी चावी पाण्यात गेली असणार. बिचाऱ्या शेवटपर्यंत तिचीच काळजी करत होत्या."

माझ्या जिवाला एवढं हलकं वाटलं की विचारू नका. कुणी मारेकरी नाही. मोनाच्या दारावर कुणी येणार नाही. निव्वळ अपघात.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "अगदी हेच शब्द होते?"

"शब्दन् शब्द. अजून कानात आहेत."

"तुम्ही त्यांच्याबरोबर खाली गेला नव्हता?"

"नाही हो. खालच्या गल्लीत मी चार दिवसांत पाऊल टाकलेलं नाही."

मॅडम उठल्या, मला बाहेर ओट्यावर घेऊन आल्या आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "स्वप्नाली, शालूबाई ॲम्ब्युलन्समध्ये नेमकं काय म्हणाली? अर्थ नको सांगू. शब्द सांग."

"चावी. दोनदा. मग मोना."

"तू मला किल्ली म्हणून सांगितलंस."

"तेच ना मॅडम. चावी म्हणजे किल्ली."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. तोपर्यंत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

५

"परभणीत असेल," मॅडम म्हणाल्या. "पुण्यातही असेल. कोल्हापुरात कुलपाची ती किल्ली. चावी म्हणजे नळ."

मग त्या भराभर बोलत गेल्या, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. शालूबाई इथंच जन्मली, इथंच वाढली. ती किल्लीला चावी म्हणणार नाही, आणि 'उघडते' तर मेली तरी म्हणणार नाही, 'उघडतो' म्हणेल. एखादा माणूस दुसऱ्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगतो, ते समजू शकतं. पण शालूबाई खरंच किल्लीच्या काळजीत असती तर ॲम्ब्युलन्समध्ये तिच्या तोंडून किल्ली हाच शब्द आला असता. ती चावी म्हणाली, म्हणजे ती नळाबद्दल बोलत होती. खोलीच्या किल्लीशी त्याचा काडीचा संबंध नाही. मग तिच्या त्या शब्दाला अगदी चपखल बसेल अशी किल्लीची गोष्ट या माणसाला कुठून सुचली?

"मी विचारलं म्हणून," मी म्हणाले.

"बरं झालं विचारलंस. इथली कुणी असती तर नळाला काय झालंय असं विचारलं असतं, आणि तो सावध झाला असता. आराखड्याच्या कागदावर नळ असतो, म्हणून साहेबापुढं बायकाही नळच म्हणतात. त्याला आपला शब्द माहीतच नाही. तू कुलूप दाखवलंस आणि त्यानं त्याला बसेल अशी गोष्ट घडवली. जो निर्दोष असतो त्याला गोष्ट घडवावी लागत नाही."

त्या परत आत गेल्या आणि सहज स्वरात म्हणाल्या, "चला राजवर्धन, बाकीचं चावीपाशी बसून बोलू."

"कुठल्या चावीपाशी?"

"खालच्या गल्लीच्या टोकाला आहे ना, पाण्याची. आमच्यात नळाला चावी म्हणतात. शालूबाई तुमच्या किल्लीबद्दल बोलतच नव्हती."

त्याच्या ओठांवरचं हळवं हसू तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. मॅडम त्याच्या दंडाला धरून चालू लागल्या. खालच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तो आला. तिथं त्यानं पाय रोवले.

"मॅडम, तिकडे नको."

"का बरं? कठीण मुरूम आहे म्हणालात."

त्याचे डोळे गल्लीतून घरंगळत खाली पाण्यापर्यंत गेले, आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती पोलिसांची नव्हती. मॅडमनी पुन्हा एक पाऊल टाकलं तसा तो खालीच बसला.

"तिथे कुणाला उभं करू नका," तो म्हणाला. "जमीन चाललीय."

६

बाकीचं त्यानं तिथंच, रस्त्यात बसून सांगितलं. खालच्या गल्लीत त्यानं खड्डा काढलाच नव्हता. वरच्या गल्लीतलीच माती दोन पिशव्यांत भरून एकीवर 'खालची' असं लिहिलं. खालची गल्ली भरावावर आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते मांडलं असतं तर सगळा आराखडा नव्यानं करावा लागला असता, काठाला भिंत, गल्लीतल्या घरांना दुसरी जागा, आणि मुदत तर संपत आलेली. नळाखालची लाईन आतून फुटली होती. पाणी भरावात मुरत होतं, विटा-राखेची ती जमीन आतून धुऊन जात होती. नळाचा कट्टा कलला ते शालूबाईंनी पाहिलं. त्या त्याला हाताला धरून तिथं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, उद्या मी साहेबांपुढं बोलणार. झटापट झाली. त्यानं ढकललं, त्या खाली दगडावर पडल्या, आणि हा लॉजवर जाऊन झोपला.

मला त्याचा राग यायला हवा होता, पण माझ्या डोक्यात दुसरंच वाजत होतं. दाराची कडी बसेना. भिंतीतून आवाज आला. चावी... मोना. त्या बाईनं मारणाऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. चावीपाशी जमीन चालली आहे आणि माझी पोर तिथं आहे, एवढंच ती सांगत होती. आणि मी त्या पोरीला आतून कडी लावून बसवलं होतं.

मी धावले. मागून मॅडमचा आवाज आला, तो मात्र चढलेला होता, "समदी भाईर या. भांडी ऱ्हाऊ देत, पोरं उचला." दारं धडाधड उघडायला लागली. दिवेलागणीची वेळ, कुठं स्टोव्ह पेटलेला, कुठं भाकरी तव्यावर. कुणी का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी सकाळपासून सगळे कशाची तरी वाटच बघत होते.

मोनाच्या दाराशी पोचले. म्हटलं, मोना, कडी काढ. आतून कडी खडखडली.

"निघंना ताई. चौकटीत आवळलीया."

मी खांदा मारला. दार हललं नाही. भिंतीवर चौकटीच्या कोपऱ्यापासून एक भेग गेली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्यातून माती झरत होती, अगदी बारीक, गिरणीतून पीठ पडावं तशी. पायाखाली काहीतरी कण्हलं. पळून जावं असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि मी पुन्हा खांदा मारला.

"सरा बाजूला," कुणीतरी म्हणालं. बाळासो होता, हातात ती लोखंडी दांडी. त्याच्यामागं तानाबाई, पदर खोचलेली. बाळासोनं दांडी फटीत घातली, आणि मग तिघांनी मिळून जीव खाऊन ती दाबली. बिजागरी तुटली. तानाबाईनं आत हात घालून मोनाला दंडाला धरून ओढलं आणि आम्ही वरच्या अंगाला पळालो.

खडकावर पोचलो तेव्हा मागं वळून पाहिलं. फार मोठा आवाज झालाच नाही. नळ आधी वाकला, कुणी पाया पडायला वाकावं तसा, मग कट्ट्यासकट गेला. त्याच्यामागून शालूबाईंचं घर, मग तानाबाईचा तो सोपा, ज्यासाठी ती एवढी भांडली होती. हिरवं पाणी उसळलं आणि परत मिटलं. वर सगळी वस्ती उभी होती आणि बायका पोरांना चाचपून नावं घेत होत्या. सगळी नावं ओ देत होती.

तानाबाई माझ्याजवळच होती. "करणी नव्हती व्हय ती," एवढंच ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

७

शालूबाई आठवड्यानं शुद्धीवर आल्या. राजवर्धन कोठडीत होता आणि आराखडा नव्यानं मांडायला घेतला होता. खाटेपाशी मोना आणि मी होतो, आणि उशाशी तानाबाई. ती रोज यायची, न चुकता, आणि झोपलेल्या बाईशी भांडत बसायची.

शालूबाईंनी छताकडं बघितलं, मग मोनाकडं. पोरीच्या गालाला हात लावून तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग ओठ हलले.

"चावी?"

या वेळी मला शब्द बरोबर कळला. पण मी काही बोलायच्या आत तानाबाईनंच उत्तर दिलं.

"गेली खणीत. तुझं घर गेलं, माझं बी गेलं. माणसं हाईत समदी."

शालूबाईंनी डोळे मिटले. परत बेशुद्ध झाल्या की काय म्हणून मी उठलेच होते. तेवढ्यात त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "मग नवी वरच्या अंगाला बसवा म्हणावं. आणि आधी खड्डा काढा. मी येऊन बघतो."